चांदीचे खिशातले घड्याळ : आधी वाचावे, मग तोलावे

जुन्या घराची वाटणी होताना किंवा लोखंडी कपाटाचा चोरकप्पा रिकामा करताना एखादे चांदीचे खिशातले घड्याळ हाती येते आणि बहुतेक घरांत त्याची पहिली भेट सराफाच्या काट्याशी होते. सराफ ते तोलतो, काच आणि आतले यंत्र यांचे वजन अंदाजाने वजा करतो आणि उरलेल्या चांदीचा भाव सांगतो. त्याच वेळी घरातले कोणीतरी मोबाइलवर परदेशातल्या लिलावाचा लाखांतला आकडा शोधून काढते. खरी किंमत या दोन आकड्यांच्या मधोमध असावी, असे आपण सहज धरून चालतो. तसे नसते. बहुतेक घड्याळांची किंमत सराफाच्या आकड्याच्या आसपासच राहते आणि थोड्या घड्याळांची त्याच्या कितीतरी पट होते. आपले घड्याळ यांपैकी कोणत्या गटातले, हे ठरवण्यासाठी लागणारी बरीचशी माहिती त्या घड्याळावरच ठोकलेली किंवा कोरलेली असते. ती वाचायला दहापट मोठे दाखवणारे एक भिंग, चांगला उजेड आणि अर्धा तास एवढे पुरते.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्यावी. खिशातले घड्याळ ही एक वस्तू दिसली तरी त्या दोन वस्तू असतात. बाहेरची चांदीची डबी एका कारागिराने केलेली असते आणि आतले यंत्र, ज्याला घड्याळजी 'मशीन' म्हणतात, ते दुसऱ्याने. तबकडीवर ज्याचे नाव असते तो पुष्कळदा तिसराच, म्हणजे दुकानदार असतो. डबीवरच्या छापावरून चांदीचा कस आणि डबीचा काळ कळतो, यंत्राबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही. या तिघांचे एकमेकांशी जुळते की नाही, हे पाहणे म्हणजेच घड्याळ ओळखणे.

आता ते उघडावे कसे, कारण सर्वांत जास्त नुकसान येथेच होते. जुन्या इंग्रजी घड्याळात मागचे झाकण उघडले की पुष्कळदा किल्लीचे भोक असलेली चांदीची आणखी एक भिंतच दिसते. यंत्र पाहायचे असेल तर पुढची काचेची चौकट उघडावी लागते, सहाच्या आकड्याखाली असलेली बारीक खटकी नखाने आत सरकवावी लागते, आणि मग सगळे यंत्र तबकडीसकट बाराच्या बाजूच्या बिजागरीवर पुस्तकाच्या पानासारखे वर येते. स्विस घड्याळाला मागे दोन झाकणे असतात आणि दोन्हींच्या कडेला नख शिरेल एवढी ओठासारखी जागा ठेवलेली असते. अमेरिकन घड्याळाचे मागचे झाकण बहुधा आट्यांचे असते आणि बरणीसारखे फिरवून निघते. तबकडीवरही झाकण असलेले घड्याळ बंद करताना वरचे बटण दाबून धरावे, झाकण टेकवावे आणि मग बटण सोडावे. 'टक्' आवाज काढत बंद करण्याची मौज अनेक पिढ्यांनी लुटलेली असते, त्यामुळे आतली चांदीची कड झिजून झाकण बसेनासे झालेले दिसते आणि पाहणारा जाणकार ते पहिल्याच मिनिटाला टिपतो.

डबी खरोखर चांदीची आहे का, याची घरगुती परीक्षा फारशी कामाची नाही. लोहचुंबक चांदीला चिकटत नाही हे खरे, पण तो जर्मन सिल्व्हरलाही चिकटत नाही. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू, त्यात चांदीचा अंशही नसतो आणि हजारो स्वस्त घड्याळांच्या डब्या त्याच्याच आहेत. चुंबकाने फार तर लोखंडी डबी बाद करता येते. डोळ्यांना दिसणारी खूण थोडी जास्त भरवशाची आहे. चांदी काळवंडते आणि काळ्या थराखाली पांढरी राहते, तर जर्मन सिल्व्हर हाताच्या घामाने झिजते तेथे पिवळट किंवा हिरवट झाक दाखवते. मुलामा दिलेली डबी कडीपाशी आणि बिजागरीच्या टोकांवर पितळेचा रंग उघडा करते. नक्की उत्तर हवे असेल तर सराफाकडे आता क्ष-किरणांवर चालणारे टंच काढण्याचे यंत्र असते, त्यावर ओरखडाही न उमटता कस कळतो. त्याला स्पष्ट सांगावे, की कानस लावायची नाही. आमच्या घरच्या घड्याळाच्या कडेवर एका सराफाने परीक्षेसाठी पाडलेली खाच अजून तशीच आहे. त्या डबीवर आत चार स्वच्छ छाप असताना ती पाडली गेली, म्हणून ती जास्त सलते.

ते छाप झाकणाच्या आतल्या बाजूला असतात. इंग्लंडमध्ये चांदीची वस्तू विकण्याआधी ती सरकारमान्य परीक्षा कचेरीत तपासून घेण्याची सक्ती होती आणि तेथे तिच्यावर चिन्हे उमटवली जात. डावीकडे तोंड करून एक पंजा उचलून चालणारा सिंह असेल तर चांदी हजारात ९२५ भाग शुद्ध, म्हणजे ज्याला आपण स्टर्लिंग म्हणतो ती. शेजारी कचेरीचे चिन्ह असते. बिबट्याचे मुख लंडनचे, नांगर बर्मिंगहॅमचा, तर तलवार आणि गव्हाच्या तीन पेंढ्या चेस्टरच्या. नांगर म्हणजे अर्थात जहाजाचा. तिसरे चिन्ह एका अक्षराचे असते आणि ते वर्ष सांगते. चौथी असतात अद्याक्षरे, ती डबी करणाऱ्याची किंवा ती तपासणीला पाठवणाऱ्याची. घड्याळ करणाऱ्याची ती नव्हेत, हे विसरल्यामुळे भलत्याच नावांचा शोध सुरू होतो. जुन्या इंग्रजी चांदीवर कराची खूण म्हणून राजाचे किंवा राणीचे मुख दिसते, ते घड्याळाच्या डबीवर नसले तरी शंका घेऊ नये, कारण घड्याळाच्या डब्यांना १७९८ पासून त्या करातून सूट मिळालेली होती.

वर्षाच्या अक्षरात लोक हमखास फसतात. लंडनच्या कचेरीने वीस-वीस अक्षरांची चक्रे चालवली आणि प्रत्येक चक्रात अक्षराचे वळण व त्याभोवतीच्या ढालीचा आकार बदलला. १८७६ साली सुरू झालेल्या चक्रात मोठ्या लिपीतला 'एम' १८८७ सालचा आहे, तर १८९६ च्या चक्रातला लहान लिपीतला 'एम' १९०७ सालचा. घासलेल्या डबीवर लहान-मोठे ओळखता आले नाही तर वीस वर्षांची चूक होते. शिवाय चक्रात 'जे' अक्षर वगळलेले असे, त्यामुळे बोटांवर मोजून वर्ष काढणारा एका वर्षाने चुकतो. लंडनचे अक्षर मे महिन्यात बदलत असल्याने एकच अक्षर दोन इंग्रजी वर्षांच्या भागांत पडते, म्हणून 'एम' म्हणजे १८८७-८८ असे लिहिणे अधिक बरोबर. बर्मिंगहॅम आणि चेस्टर यांची चक्रे वेगळी होती, तेव्हा आधी कचेरी ओळखावी आणि मगच अक्षराचा तक्ता उघडावा.

आपल्याकडच्या घरांत मात्र इंग्रजी डबीपेक्षा स्विस डबी सापडण्याचा संभव जास्त. स्वित्झर्लंडने १८८० मध्ये डब्यांच्या तपासणीचा कायदा केला आणि चांदीसाठी प्राण्यांची चिन्हे ठरवली. रानकोंबड्यासारखा एक पक्षी असेल तर चांदी हजारात ८००, मागच्या पायांवर उभे असलेले अस्वल असेल तर ८७५. त्यानंतर ब्रिटनमध्ये १८८७ साली व्यापारी चिन्हांचा कायदा कडक झाला. तेथे जाणारी चांदी ९२५ च्या खाली निघायला नको, म्हणून स्विस कारखानदारांनी ९३५ कसाची डबी करायला सुरुवात केली आणि तिच्यासाठी एक मोठे व दोन लहान अशी तीन अस्वले ठोकली जाऊ लागली. भिंगातून पाहिले तर ती तीन अस्वले त्रिकोणात मांडलेल्या तिळांएवढी दिसतात, आणि खाली '०.९३५' हा आकडा. ब्रिटिश अमलाखालच्या मुलखात आलेल्या चांगल्या घड्याळांवर ही खूण आढळते. ९३५ हा आकडा पाहून ही चांदी इंग्रजी स्टर्लिंगपेक्षा उंची, असा जो समज होतो त्याला दराच्या दृष्टीने अर्थ नाही, साठ ग्रॅमच्या डबीत फरक अर्ध्या ग्रॅमहून थोडा अधिक पडतो. वेगळा उपयोग मात्र आहे. तीन अस्वले असतील तर डबी १८८७ च्या आधीची असू शकत नाही, मग घरात ती पणजोबांना कोणत्या साली मिळाली असे कोणी कितीही खात्रीने सांगो.

१ जून १९०७ पासून ब्रिटनने परदेशी डब्यांचीही आपल्याच कचेऱ्यांत तपासणी सक्तीची केली आणि त्यांच्यासाठी निराळी चिन्हे ठेवली. सिंहाच्या जागी '.९२५' हा आकडा, लंडनसाठी सिंह राशीचे चिन्ह, बर्मिंगहॅमसाठी समभुज त्रिकोण, ग्लासगोसाठी एक सरळ आणि एक उलटा असे दोन 'एफ'. त्यामुळे इंग्रजी छाप असूनही घड्याळ स्विस असणे यात खोटे काहीच नाही. त्यावरची अद्याक्षरे आयात करणाऱ्या दलालाची असतात. बाकीच्या देशांचे थोडक्यात सांगायचे तर चंद्रकोर, मुकुट आणि ८०० म्हणजे जर्मनी, ८४ हा आकडा म्हणजे रशिया. रशियन माप ९६ भागांचे असल्याने ८४ चा अर्थ हजारात ८७५ असा होतो, ८४ टक्के असा नव्हे.

अमेरिकन डब्यांबाबत सावध राहावे. त्यांच्यावर सरकारी छाप नसतो, कारखानदाराचाच शब्द असतो. 'कॉइन' लिहिले असेल तर चांदी साधारण ९०० कसाची. पण 'सिल्व्हरॉइड', 'सिल्व्हरीन', 'सिल्व्हरोड' असे काही लिहिले असेल तर ती कारखान्यांनी आपल्या निकेल-मिश्रधातूंना दिलेली नावे आहेत आणि त्यांत चांदी नाही. नावात 'सिल्व्हर' आहे एवढ्यावर पैसे मोजणाऱ्याला त्या काळच्या विक्रेत्याने शंभर वर्षांनंतरही गाठलेले असते.

आता यंत्राकडे वळू. माझ्या मते किमतीच्या दृष्टीने सगळ्यात जास्त वेळ येथे द्यावा, आणि लोक सगळ्यात कमी वेळ येथेच देतात.

पहिला प्रश्न असा, की चावी कशी दिली जाते? वेगळ्या किल्लीने, की वरचे बटण फिरवून? किल्ली लागत असेल तर घड्याळ जुने, हा नियम ढोबळपणे खरा आहे, कारण बटणाची रचना आद्रियें फिलिप या फ्रेंच कारागिराने १८४० च्या दशकात पुढे आणली आणि ती सर्वसामान्य व्हायला काही दशके गेली. मात्र इंग्रज कारागीर किल्लीला फार दिवस चिकटून राहिले, म्हणून १८९० च्या दशकातले इंग्रजी घड्याळही किल्लीचे सापडते. ज्या घड्याळात बटण चावीसाठी आहे पण काटे फिरवण्यासाठी शेजारचा बारीक खिळा नखाने दाबावा लागतो, ते या दोन टप्प्यांच्या मधले.

दुसरा प्रश्न इंग्रजी घड्याळापुरता. त्यात साखळी आहे का? जुन्या यंत्रात मुख्य स्प्रिंगचा डबा आणि शंकूसारखा एक तुकडा यांच्यामध्ये सायकलच्या साखळीसारखी, पण घोड्याच्या केसाएवढी बारीक वाटावी अशी पोलादी साखळी गुंडाळलेली असते. स्प्रिंग पूर्ण भरलेली असताना तिचा जोर जास्त आणि उतरत आली की कमी, त्यामुळे घड्याळ आधी पुढे आणि मग मागे पडते. शंकूच्या कमीअधिक घेरामुळे हा फरक भरून निघतो. या साखळ्या इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या क्राइस्टचर्च गावात होत आणि ते डोळे फोडणारे काम मुख्यतः बायका आणि मुले करीत, त्यांत गरीबगृहातल्या (वर्कहाउसमधल्या) मुलीही होत्या. साखळीच्या घड्याळाला चावी बहुधा उलटी, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने द्यावी लागते. हे माहीत नसलेला नवा मालक सुलट्या दिशेला जोर लावतो आणि शंभर वर्षे टिकलेली वस्तू एका संध्याकाळी बिघडवतो.

तिसरा प्रश्न म्हणजे चाकांना अडवत-सोडत टिकटिक करणारी रचना कोणती. सगळ्यांत जुन्या प्रकारात, ज्याला व्हर्ज म्हणतात, यंत्रावर नक्षीने कोरलेला जाळीदार पूल असतो आणि चांदीच्या दोन डब्या एकात एक बसवलेल्या असतात. अशा जोडडबीत दोन्ही डब्यांवर एकच वर्षाक्षर आणि त्याच कारागिराची अद्याक्षरे असतील तर जोडी मूळची, नसतील तर बाहेरची डबी नंतर मिळवलेली. त्यानंतर सिलिंडर आणि मग लिव्हर. लिव्हर सगळ्यांत भरवशाचा आणि म्हणून महाग होता. स्विस घड्याळाच्या आतल्या झाकणावर हे सरळ फ्रेंच भाषेत लिहिलेले असते. 'आंक्र' म्हणजे लिव्हर, 'सिलेंद्र' म्हणजे सिलिंडर, '१५ रुबी' म्हणजे चाकांच्या आसांना बसवलेली पंधरा माणके, 'रमोंत्वार' म्हणजे किल्लीवाचून चावी देता येते. माझ्याकडे घड्याळ घेऊन येणारे निम्मे लोक 'रमोंत्वार कंपनी' चांगली का, असे विचारतात. अशी कंपनी नव्हती, तो फक्त चावीचा प्रकार आहे. त्याच झाकणावर प्रदर्शनांत मिळालेल्या पदकांची चित्रे असतात, तीही जपून वाचावीत. नामवंत कारखान्यांनी खरी पदके कोरली आणि अनामिकांनी नुसती गोल नक्षी. आणखी एक फसवी बाब अशी, की बाहेरची दोन झाकणे चांदीची असली तरी हे आतले झाकण पुष्कळदा साध्या धातूचे असते आणि त्यावर 'मेताल' असे प्रामाणिकपणे लिहिलेलेही असते. वजन काढताना ते विसरले जाते.

माणकांवरूनही गैरसमज होतात. ती रत्ने म्हणून विकण्याजोगी नसतात, वाटाण्याच्या दहाव्या भागाएवढे ते तुकडे केवळ घर्षण कमी करण्यासाठी असतात. त्यांचा आकडा मात्र यंत्राचा दर्जा सांगतो. सात माणकांचे यंत्र साधे, पंधराचे चांगले, सतरा आणि वर असतील तर काळजीने केलेले. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला रोस्कोफचे घड्याळ येते. जॉर्ज फ्रेडरिक रोस्कोफ याने १८६७ मध्ये कामगाराला परवडेल असे वीस फ्रँकांचे घड्याळ बाजारात आणले. त्याच्या पद्धतीची पुढे लाखो घड्याळे निघाली, त्यांपैकी कित्येकांवर आगगाडीचे चित्र आणि 'रेल्वे' हा शब्द आहे. ती निकेलच्या डबीत असतात, आगगाडीच्या चित्रामुळे रेल्वेची ठरत नाहीत आणि चांदीची तर मुळीच नाहीत.

आता तबकडीवरचे नाव. मुंबईशी या विषयाचा खरा संबंध येथे येतो. फाव्र-ल्यूबा या स्विस घराण्याने १८६५ मध्ये मुंबईत पाय रोवले आणि वेस्ट एंड वॉच कंपनीची मुंबईतली पेढी १८८६ मध्ये सुरू झाली. वेस्ट एंडच्या तबकडीवर 'बॉम्बे' किंवा 'बॉम्बे-कलकत्ता' लिहिलेले असते, म्हणून घड्याळ मुंबईत बनले असे समजू नये, यंत्रे स्वित्झर्लंडहून येत आणि त्यांपैकी काही लाँजीनसारख्या कारखान्यांची असत. अशा घड्याळात तबकडीवर एक नाव आणि यंत्रावर दुसरी खूण असणे हेच स्वाभाविक. उलट लिव्हरपूलच्या टोबायस या नावाने फार काळजी घ्यावी. अमेरिकेत त्या घड्याळांना एवढी मागणी होती, की स्वित्झर्लंडमध्ये त्याच नावाची नकली घड्याळे मोठ्या संख्येने तयार झाली. कोरलेले नाव जितके प्रसिद्ध, तितका यंत्राचा दर्जा त्या नावाला शोभतो का, हे अधिक बारकाईने पाहावे.

जुळणी तपासण्याचे साधन म्हणजे क्रमांक. इंग्रजी घड्याळात यंत्रावर कोरलेला क्रमांक बहुधा डबीच्या आतही ठोकलेला असतो, दोन्ही एकच असतील तर जोडी मूळची धरावी. अमेरिकन घड्याळात हा नियम लावू नये. तेथे ग्राहक दुकानात यंत्र वेगळे आणि डबी वेगळी निवडत असे, त्यामुळे डबीचा क्रमांक डबीच्या कारखान्याचा आणि यंत्राचा क्रमांक यंत्राच्या कारखान्याचा. वॉल्थम आणि एल्जिन या दोन मोठ्या अमेरिकन कारखान्यांच्या यंत्रक्रमांकांवरून वर्ष सांगणारे तक्ते उपलब्ध आहेत आणि त्यामुळे त्यांचा काळ ठरवणे सगळ्यांत सोपे. ते पाहताना क्रमांक यंत्रावरचाच घ्यावा. डबीवरचा क्रमांक टाकला तर तक्ता तरीही एखादे वर्ष दाखवतो, आणि ते चुकीचे असते.

आपल्याकडच्या जुन्या बाजारांत जोडजमाव केलेली घड्याळेही पुष्कळ दिसतात. खऱ्या जुन्या यंत्रावर नवी रंगवलेली तबकडी, तिच्यावर एखाद्या महाराजांचे चित्र किंवा रेल्वेची अद्याक्षरे, आणि भोवती कालपरवा केलेली जर्मन सिल्व्हरची डबी. मूळ तबकडी सहसा तांब्याच्या पत्र्यावर चढवलेल्या पांढऱ्या मीन्याची असते. तिच्यावर भिंग धरले तर अक्षरे काचेच्या थरात बुडल्यासारखी दिसतात आणि कडा स्वच्छ असतात. रंगवलेल्या तबकडीवर ती पृष्ठभागावर उभी राहतात आणि बोट फिरवले तर कधीकधी जाणवतात. मीन्याला केसासारखा तडा असणे हा दोष खराच, पण तो जुनेपणाला साजेसा दोष आहे, नव्या कोऱ्या चकचकीत तबकडीपेक्षा मी तडा पत्करेन.

एवढे वाचून झाले की किमतीचा हिशेब मांडता येतो. तळाशी चांदी. समजा पूर्ण घड्याळ १३० ग्रॅम भरले. यंत्र, काच, तबकडी काढल्यावर डबी ६६ ग्रॅम उरली, त्यातून साध्या धातूचे बटण, खटकीची पोलादी स्प्रिंग आणि असल्यास आतले झाकण वजा केले तर ६० ग्रॅम चांदी राहिली. ९२५ कसाने तिच्यात शुद्ध चांदी ५५.५ ग्रॅम. त्या दिवशीच्या दराने तिचे जे होतील त्यातून सराफ घट धरेल, आणि तो आकडा म्हणजे मोडीची किंमत. घड्याळ म्हणून ते कितीही सामान्य असले तरी या आकड्याखाली जाण्याचे कारण नाही. दुर्दैव असे, की चांदीचा दर चढला की पंधरा माणकांचे चालते यंत्र काढून टेबलावर ठेवले जाते आणि डबी वितळते. आज डबीविना पडलेली जी चांगली यंत्रे घड्याळजींच्या खणांत दिसतात, त्यांच्यामागे बहुधा हीच गोष्ट असते.

तळाच्या वर किती चढायचे हे यंत्र, अवस्था आणि विरळपणा ठरवतात, आणि या तिघांत जुनेपणा नाही हे मुद्दाम सांगतो. अठराव्या शतकाच्या शेवटचे झिजलेले व्हर्ज घड्याळ १९१० च्या सुरेख क्रोनोग्राफपेक्षा, म्हणजे बटण दाबून मधला वेळ मोजता येणाऱ्या घड्याळापेक्षा, स्वस्त जाऊ शकते. कडेचा खटका सरकवल्यावर तास आणि पाव तास वाजवून दाखवणारे यंत्र, तारीख-वार-चंद्राच्या कला दाखवणारी तबकडी, वेधशाळेच्या परीक्षेत उतरल्याचे प्रमाणपत्र, खरोखर मोठ्या कारखान्याचे नाव, यांपैकी काही असेल तर मोडीचा हिशेब बाजूला ठेवून जाणकाराकडे जावे. सेवेबद्दल दिलेल्या घड्याळावर कोरलेले नाव, हुद्दा आणि साल असेल तर तेही मोल वाढवते, विशेषतः त्याला जोडणारा एखादा कागद घरात असेल तर. नुसती वेलबुट्टीत गुंफलेली अद्याक्षरे मात्र विक्रीला अडसरच ठरतात.

किंमत उतरवणाऱ्या गोष्टींत पहिला क्रमांक पॉलिशचा. मी स्वतः पंचविशीत एक डबी दातांच्या पेस्टने घासून लखलखीत केली होती, आणि वर्षाचे अक्षर 'सी' की 'जी' हे त्या दिवसापासून कोणालाच सांगता आलेले नाही. मऊ कोरड्या कापडाने पुसावे, काळेपणा राहू द्यावा. दुसरा दोष पडझडीचा. घड्याळ एकदा जमिनीवर आपटले की हेलकावणाऱ्या चाकाचा आस मोडतो, तो जुन्या यंत्रासाठी हाताने घडवून घ्यावा लागतो आणि असे काम करणारे घड्याळजी आता शोधावे लागतात. दुरुस्तीचा खर्च सामान्य घड्याळाच्या किमतीहून जास्त होऊ शकतो, म्हणून विकायचेच असेल तर आधी दुरुस्त करून घेण्याची घाई करू नये. वर्षानुवर्षे बंद असलेले घड्याळ चालते का हे पाहण्यासाठी चावी भरून ठेवणेही बरे नाही, वाळलेल्या तेलात फिरणारे आस स्वतःलाच कापत राहतात.

'किंमत किती' या प्रश्नाला एकच उत्तर नसते. व्यापारी विकत घेताना देईल ती एक, तोच व्यापारी विकताना सांगेल ती दुसरी, आणि विम्यासाठी लिहिली जाते ती तिसरी व सगळ्यांत मोठी. संकेतस्थळांवर दिसणारे आकडे बहुधा मागितलेल्या किमतींचे असतात, ती घड्याळे त्या भावाला कोणी घेतलेलीच नसतात. तुलना करायची तर लिलावगृहांनी जाहीर केलेल्या, प्रत्यक्ष सौदा झालेल्या किमतींशी करावी, आणि तीही त्याच देशाच्या, त्याच प्रकारच्या यंत्राशी. त्या आकड्यात खरेदीदाराने लिलावगृहाला दिलेले शुल्क धरले आहे का, हे पाहावे, कारण विकणाऱ्याच्या हाती ते येत नाही आणि त्याच्याकडूनही वेगळे कमिशन कापले जाते.

परदेशी लिलावाचा विचार करणाऱ्यांनी किंवा अमेरिकेतल्या मुलाकडे घड्याळ पाठवू पाहणाऱ्यांनी कायदाही पाहून घ्यावा. १९७२ च्या पुरावशेष व कलासंपदा कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेली, ऐतिहासिक किंवा कलाकुसरीचे मोल असलेली वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. व्याख्या बरीच व्यापक आहे आणि घड्याळ स्विस आहे म्हणून ते आपोआप सुटत नाही. वस्तू पुरावशेष नाही असे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून मिळते, ते विमानतळावर जाण्याआधी घ्यावे लागते. त्या अर्जापुरते तरी डबीवरचे वर्षाचे अक्षर स्पष्ट वाचता आले पाहिजे. त्याचे भिंगातून काढलेले छायाचित्र, यंत्राचा क्रमांक आणि वजनाची चिठ्ठी एका पाकिटात घालून घड्याळाबरोबर ठेवावी. मागच्या झाकणात आतून सुईने ओढलेल्या, तारखांसारख्या दिसणाऱ्या बारीक रेघा सापडल्या तर त्यांचेही छायाचित्र घ्यावे, कारण त्या जुन्या घड्याळजींनी दुरुस्तीच्या वेळी स्वतःसाठी केलेल्या नोंदी असतात आणि पॉलिशच्या पहिल्याच हाताने त्या नाहीशा होतात.